पाचवा रकाना

ठाण्यातल्या एखाद्या जुन्या चाळीत श्रावण पाळणारा आणि लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपासकाळ, पाळणारा शेजारी शेजारी राहतात, आणि दोघांचा हिशेब गमतीदार सारखा असतो. एकाची बाटली गटारीच्या रात्री बंद होते आणि श्रावण सरला की उघडते. दुसरा लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून येतो आणि ईस्टरच्या जेवणापर्यंत थेंबाला शिवत नाही. म्हणायला चाळीस दिवस. पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर सेहेचाळीस भरतात, कारण मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत. ही सहा रविवारांची फट ज्याला सगळ्यात आधी सापडते, तो माणूस बहुतेक वेळा दारूच्या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा बराच पुढे गेलेला असतो.

रविवारीही न पिणाऱ्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. तो सेहेचाळीस दिवस खरोखर कोरडा राहतो, आणि सत्तेचाळिसाव्या दिवशी घरात सांगतो, "बघितलंस ना? व्यसन असतं तर जमलं असतं का?" उपास देवाच्या नावाने धरला आणि पावती बायकोला दाखवली. पुढच्या साडेदहा महिन्यांचा परवाना त्या पावतीवर निघतो. सोडणं खरं होतं, पण ते पिण्याच्या कामाला लागलं. दारू सोडण्यामागचा हेतू तपासायचा म्हणजे नेमकं काय तपासायचं, हे इथून सुरू करणं बरं, कारण इथे खोटं बोललेलं एकही वाक्य सापडत नाही.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए. ए., ही एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांची संघटना. तिची सुरुवात 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी झाली. भारतात ती 1957 साली आली. या मंडळींनी 1939 मध्ये जे पुस्तक काढलं त्याच्या प्रास्ताविकात सभासद व्हायची एकच अट लिहिली होती: दारू सोडण्याची प्रामाणिक इच्छा. पुढे त्यांनी आपल्या बारा परंपरा ठरवल्या तेव्हा तिसऱ्या परंपरेत अट तीच राहिली, फक्त 'प्रामाणिक' हा शब्द गळला. आता नुसती इच्छा पुरते. हा बदल लहान दिसतो, पण माझ्या मते त्या चळवळीने केलेलं ते सगळ्यात शहाणपणाचं संपादन आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाची इच्छा प्रामाणिक आहे की नाही हे ठरवणार कोण? तो स्वतः? त्याचं डोकं तर गेली पंधरा वर्षं वकिली करतंय.

बहुतेक माणसं ए. ए. च्या मीटिंगला येतात ती शुद्ध हेतूने येतच नाहीत. बायको माहेरी गेलेली असते, तळोज्याच्या कारखान्यात दुसरी नोटीस मिळालेली असते, डॉक्टरांनी लिव्हरचा रिपोर्ट टेबलावर आपटलेला असतो. बापाकडून वाटणी घेऊन ती उडवणाऱ्या उधळ्या पुत्राचा बायबलमधला दाखला चर्चमध्ये दरवर्षी ऐकू येतो, पण तो लिहिणाऱ्या लूकने एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली आहे आणि ती उपदेशात हमखास निसटते: तो मुलगा पश्चात्तापाने उठला नाही, भुकेने उठला. बापाच्या घरी मजुरांनाही पोटभर भाकर मिळते आणि मी इथे उपाशी मरतोय, हा त्याचा हिशेब. मग त्याने वाटेत बोलायचं भाषण तयार केलं, तीन वाक्यांचं. मी पाप केलं. तुझा मुलगा म्हणवून घ्यायला लायक उरलो नाही. मला मजुरासारखा ठेव. तिसऱ्या वाक्यात पोटाची सोय आहे. बापाने ते वाक्य बोलूच दिलं नाही, आधीच नोकरांना हाक मारली.

तेव्हा येण्याचा हेतू भेसळीचा असला तरी या. तपासणी नंतरची. आणि नंतर म्हणजे किती नंतर, हेही नीट सांगायला हवं, कारण इथे उत्साही माणसं जिवावरची चूक करतात.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की शरीर बंड करतं. हात थरथरणं, घाम, उलट्या पहिल्या काही तासांतच सुरू होतात. फिट येण्याचा धोका साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत. आणि भास, दिशाभूल, ताप यांचा जो भयंकर प्रकार असतो तो दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. त्यात माणूस दगावू शकतो. 180 मिलिलिटरची एक क्वार्टर म्हणजे जवळपास साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. रोज दोन क्वार्टर रिचवणाऱ्याला प्रार्थनेच्या खोलीत कोंडून "प्रभू सोडवील" म्हणणं हा विश्वास नव्हे, निष्काळजीपणा आहे. डॉक्टर लागतो, गोळ्या लागतात, थायमिनचं इंजेक्शन लागतं, आणि तेही ग्लुकोजची बाटली लावण्याआधी. कुठे जायचं कळत नसेल तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. एक जाता जाता: नवऱ्याच्या नकळत आमटीत डायसल्फिराम या दारू सोडवायच्या औषधाची पूड घालू नका. ती पोटात असताना त्याने दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो. हेतू कितीही प्रेमाचा असला तरी.

झोप परत आली, हात स्थिर झाला, पेन धरता येऊ लागलं, की ए. ए. च्या बारा पायऱ्यांपैकी चौथी पायरी. पहिल्या तीन पायऱ्या थोडक्यात सांगायच्या तर: माझ्याने होत नाही, कुणीतरी आहे त्याच्याने होईल, त्याच्या हाती सोपवतो. चौथीत मात्र स्वतःचा झाडा लिहायचा असतो, आणि निम्मे लोक इथेच अडकतात. स्पॉन्सरने, म्हणजे वाट दाखवणाऱ्या जुन्या सभासदाने, सांगितलं म्हणून दोनशे पानी वही आणतात, पहिल्या पानावर क्रूस काढतात, खाली एखादं वचन लिहितात, आणि वही महिनाभर कपाटात.

कारण ते आत्मचरित्र लिहायला बसतात. "माझं बालपण कष्टात गेलं" इथून सुरुवात झाली की संपलंच. चौथ्या पायरीचं पान खतावणीसारखं असतं. वही आडवी धरायची, उभ्या रेघा मारायच्या. पहिल्या रकान्यात ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव. दुसऱ्यात कारण, एका ओळीत. तिसऱ्यात, त्यामुळे माझं काय दुखावलं: मान, पैसा, सुरक्षितता, घरचे संबंध, शरीराचे संबंध, मनातले बेत. मूळ पुस्तकातल्या नमुन्यात एवढेच तीन रकाने आहेत. माझा वाटा काय, हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि बहुतेक स्पॉन्सर त्याचा चौथा रकाना करून घेतात: कुठे स्वार्थी होतो, कुठे खोटा, कुठे स्वतःचंच घोडं पुढे दामटलं, कुठे घाबरलो.

एक ओळ भरून बघू. नाव: मोठा भाऊ. कारण: वडिलांची चेंदणीची खोली विकली, माझा हिस्सा अडवून ठेवला. काय दुखावलं: पैसा, मान, आणि ऐरोलीला फ्लॅट घ्यायचा बेत. इथपर्यंत पेन सरसर चालतं. चौथ्या रकान्यापाशी थांबतं. मग हळूहळू येतं: दोनदा उसने घेतले, परत केले नाहीत. हिस्सा मागायला गेलो तेव्हा पिऊन गेलो होतो. त्याने "बायकोच्या नावावर टाकतो" म्हटलं ते मी नको म्हटलं. हे शेवटचं वाक्य लिहायला कधी कधी एक आठवडा लागतो. भावाने अन्याय केलाच असेल, तो पुसायचा नाही, दुसऱ्या रकान्यात तो जसाच्या तसा राहतो. पण चौथ्या रकान्यात भावाचं नाव येता कामा नये. "तो असा वागला म्हणून मी" अशी सुरुवात झाली की ती ओळ खोडायची.

पूर्ण रकाने उभे भरायचे, आडवे नाहीत. म्हणजे आधी सगळी नावं, मग सगळी कारणं. आडवं भरत गेलं की तिसऱ्या नावापर्यंत माणूस दमतो आणि पुढची नावं आठवेनाशी होतात, विशेषतः नको असलेली. यादीत देव आणि स्वतः ही दोन नावं असतातच. नसतील तर यादी अर्धी आहे. ख्रिस्ती माणसाला देवाचं नाव रागाच्या रकान्यात लिहायला संकोच वाटतो. त्याने बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडावी. 'किती काळ, परमेश्वरा' असं तोंडावर विचारणारी माणसं तिथे भरली आहेत.

या चार रकान्यांना मी एक पाचवा सुचवतो, कारण श्रद्धाळू माणसाचं नेमकं तिथे अडतं. पाचव्या रकान्याचा मथळा: हे कुणी बघावं म्हणून? तो रागांच्या यादीला लावायचा नाही. सुधारल्यावर आपण जी चांगली कामं करायला लागतो, त्यांना लावायचा.

बायबलमध्ये मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तीन चांगल्या गोष्टी एकामागून एक घेतल्या आहेत, आणि तिन्हींना एकच प्रश्न लावला आहे: कोण बघतंय? त्या अध्यायात पापाची चौकशी नाही, पुण्याची आहे. पिणाऱ्याचे हेतू ओळखणं सोपं, ते सगळ्या गल्लीला माहीत असतात. सोडलेल्याचे अवघड. तो सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पहिल्या बाकावर बसतो, मीटिंगनंतर चहाचे कप विसळतो, नव्या माणसाला रात्री बाराला फोनवर धीर देतो. आणि आठ महिन्यांनी घरातल्यांना तोंडाने नाही पण वागण्याने सांगतो की आता माझ्या शब्दाला मान पाहिजे. पूर्वी दारूच्या जोरावर घर धाकात होतं, आता दारू न पिण्याच्या जोरावर. ए. ए. त याला कोरडा दारुडा म्हणतात.

इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश सरदाराने, जो पुढे येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचा संस्थापक झाला, यावर एक चाचणी देऊन ठेवली आहे. विचार चांगला वाटला तरी त्याचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासा. आरंभ देवाचा वाटतो, पण शेवटी मन अस्वस्थ, चिडकं, आधीपेक्षा खाली गेलेलं असेल, तर शत्रूची, म्हणजे सैतानाची, शेपटी दिसली म्हणून समजा. त्याने वहीसुद्धा आखून दिली होती: आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला रेघांची एक जोडी, आणि जो एक दोष घालवायचा त्याचा एकेक ठिपका. दुपारी मोजायचं, रात्री मोजायचं, कालच्याशी ताडून बघायचं. गंमत अशी की 1940 साली एका येशूसंघीय धर्मगुरूने, एडवर्ड डाउलिंग यांनी, ए. ए. च्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बिल विल्सनला गाठून विचारलं की तुमच्या बारा पायऱ्या आमच्या इग्नेशियसच्या साधनेशी इतक्या कशा जुळतात. बिलने ती साधना ऐकलेलीही नव्हती. त्याच्यापर्यंत हे सगळं ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका प्रॉटेस्टंट चळवळीतून आलं होतं. दोन वेगळ्या वाटांनी माणसं एकाच वहीपाशी पोचली.

वही भरली की ती वाचून दाखवायची. ही पाचवी पायरी: देवाला, स्वतःला आणि दुसऱ्या एका माणसाला. पहिले दोघे सोपे, कारण ते मधेच अडवत नाहीत. कॅथलिक माणूस इथे हमखास म्हणतो की मी कन्फेशनला जाऊन आलो, फादरना सगळं सांगितलं. कन्फेशन हा संस्कार आहे, त्याचं काम क्षमा. शनिवारी संध्याकाळी मागे रांग असताना चार मिनिटांत पापं सांगून होतात, पण पापांमागचा कल दिसायला चाळीस पानं एका बैठकीत ऐकणारा माणूस लागतो. फादर किंवा पाळक तेवढा वेळ देत असतील तर उत्तमच, पण आधी वेळ ठरवा. तीन तास धरा. बायकोला वाचून दाखवू नका, भावाला नको, ज्याच्याशी पैशाचा व्यवहार आहे त्याला नको. फोनवर नको. ऐकणारा असा हवा की ज्याला धक्का बसणार नाही आणि जो तुमच्यावर भाळलेलाही नाही. त्याचं मुख्य काम एकच: तिसऱ्या-चौथ्या पानावर कधीतरी शांतपणे म्हणणं, "हीच गोष्ट तुम्ही तीन नावांखाली लिहिली आहे." स्वतःला ते दिसत नाही. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने म्हटलं आहे की हृदय सगळ्यांत कपटी आहे, त्याचा थांग कुणाला लागणार. तपास करणारा आणि आरोपी एकाच खोलीत राहत असले की पंच बाहेरून आणावा लागतो.

आठवी आणि नववी पायरी भरपाईची, आणि हेतूची खरी ओढाताण तिथे. नवव्या पायरीत एक अट आहे: ज्याने त्या माणसाला किंवा इतरांना इजा होईल ते करायचं नाही. ही अट दोन्ही बाजूंनी वाकवली जाते. एक जण तिच्या आडोशाने कुणाकडेच जात नाही. दुसरा दहा वर्षांपूर्वीचं बाहेरचं प्रकरण एका संध्याकाळी बायकोसमोर ओततो, आपलं मन हलकं करतो, आणि झोपतो. ती जागी राहते. त्याचं ओझं उतरलं नाही, फक्त खांदा बदलला.

पैशाची भरपाई तुलनेने सरळ असते, म्हणून तिथून सुरुवात करावी. भिशीचे अठरा हजार प्यायले असतील तर महिन्याला पंधराशे, बारा महिने, ठरलेल्या तारखेला. दुसरीकडून उसने घेऊन एकरकमी फेडायचे नाहीत. त्यात फेडण्यापेक्षा समोरच्याचा चेहरा बघायची घाई असते. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने सर्वांसमोर उभं राहून सांगितलं की ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो. स्वतःहून कबूल करणाऱ्याला जुन्या नियमशास्त्रात मुद्दल अधिक पाचवा हिस्सा एवढंच सांगितलं होतं; चौपट हा मेंढरू चोरून कापणाऱ्याचा दंड. म्हणजे त्याने स्वतःला कबूल करणाऱ्याचा दर लावला नाही, चोराचा लावला. तो लोकांसमोर बोलला खरा, पण बोलला तो आकडा. आकडा दिला की दुसऱ्या दिवशी लोक दारात येतात. "मला फार वाईट वाटतं" म्हटल्यावर कुणीच येत नाही.

माफी मागायला जाण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. समोरच्याने "मला नको तुझी माफी, चालता हो" म्हटलं तर परतीच्या लोकलमध्ये मी कसा असेन? जर उत्तर 'भडकलेला' असेल, तर मी माफी मागायला नाही, घ्यायला निघालो आहे. आणि दुसरी: माफीनंतर पहिल्या आठवड्यात मी त्या माणसाकडे काय मागणार आहे? जामीन, उसने, मुलांना भेटणं, घरी परत येणं? असेल तर ती मागणी आणि माफी यांत चांगलं अंतर ठेवा, निदान काही महिन्यांचं.

साक्ष देण्याबद्दल, म्हणजे आपण कसे सुटलो ते सभेत सांगण्याबद्दल, थोडं बोललं पाहिजे. प्रार्थनासभेत सुटलेल्या माणसाला माइक देतात, आणि माइकची नशा ही नशाच आहे. पहिल्या साक्षीत जी क्वार्टर असते तिचा चौथ्या साक्षीत खंबा होतो. गटाराच्या कडेला पडलो होतो म्हणणारा पुढे गटारात पडतो. श्रोत्यांना चमत्कार मोठा हवा असतो, मग आजार मोठा करावा लागतो. ठाण्याला साक्षीचा इतिहास जुना आहे. 1321 साली याच गावात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले, आणि हुतात्म्याला जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ साक्षीदार असाच आहे. त्यांची हकीकत त्यांना स्वतःला सांगता आली नाही, मागे राहिलेल्यांनी लिहून ठेवली. नव्याने सोबर झालेल्याला निदान पहिलं वर्ष माइकपासून लांब ठेवणारा पाळक त्याच्यावर उपकार करतो. ए. ए. त नुसतं पहिलं नाव सांगायची पद्धत आहे तीही अशीच राखण.

उलट बाजूचा धोकाही आहे. काही माणसं हेतू तपासायला लागली की थांबतच नाहीत. भिकाऱ्याला दहा रुपये दिले, ते पुण्यासाठी का? पुण्यासाठी दिले हे मला कळलं, त्याचा अभिमान वाटला का? हा कांदा सोलत बसणं म्हणजेही मीच, मीच, मीच. जुने धर्मगुरू याला मनाचा रोग समजत आणि अशा माणसाला आत्मपरीक्षण चक्क बंद करायला सांगत. रात्रीच्या दहाव्या पायरीला, म्हणजे रोजच्या आत्मपरीक्षणाला, पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. आधी आजच्या दिवसात काय मिळालं ते, मग चूक, मग उद्या कुणाला फोन करायचा ते. झोप उडत असेल, आपण नसलेलं बरं असं वाटत असेल, तर वही मिटून मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. तो वहीचा प्रांत नाही.

आणि मग ईस्टर येतो. मिस्सात फक्त भाकर घ्यायची, द्राक्षारस नाही. भाकर द्राक्षारसात बुडवून देत असतील तर आधी फादरना सांगून ठेवायचं. एका रूपातही ख्रिस्त पूर्णच असतो ही चर्चची शिकवण आहे, त्यामुळे काही कमी पडत नाही. खरी परीक्षा जेवणाच्या टेबलावर. मावशीने घरी केलेली वाइन, लहान ग्लास, "अरे, ही काय दारू आहे? सणाची आहे, ओठाला लाव." तो नको म्हणतो. जरा मोठ्याने म्हणतो. टेबलावरचे चमचे क्षणभर थांबतात, बायको ताटाकडे बघत राहते, आणि मावशी ग्लास उचलून फ्रिजवर ठेवते.

रात्री वहीत तो लिहितो: मावशीला नाही म्हटलं. चौथ्या रकान्यात: तिला ओशाळवलं. हळू सांगता आलं असतं, किंवा सकाळीच फोन करून. पाचव्यात थोडा वेळ काहीच लिहीत नाही. मग लिहितो: सासऱ्यांनी ऐकावं म्हणून. आणि तारीख टाकून दिवा मालवतो. फ्रिजवरचा ग्लास अजून भरलेलाच असतो.